काचेआड धुकं, सुटलेला रंग, हिरवा पडलेला पत्रा: थरांच्या चित्राचं दुखणं शोधताना

काच, रंग, फोटो आणि धातूचा पत्रा अशा थरांच्या चित्रात सकाळी काचेच्या आतल्या बाजूला धुकं दिसतं, दुपारी जातं. किंवा जातच नाही, पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं बसून राहतं. रंगवलेल्या भागात समोरून फिकट, चंदेरी ठिपके दिसायला लागतात आणि महिन्याभरात त्यांची बेटं होतात. फोटोचा एक तुकडा ओला असल्यासारखा चकाकतो, बाकीचा नीट असतो. तांब्याच्या पत्र्यावर हिरवे कण, नाहीतर कुणाच्या तरी अंगठ्याचा तपकिरी ठसा. आणि कधीतरी कोपऱ्यातून निघालेला केसाएवढा तडा.

यातलं काहीही दिसत असेल तर आधी एक करा: फ्रेम उघडू नका. निम्मं नुकसान घाईघाईत उघडताना होतं.

माझी चित्रं अशी असतात: पुढे काच, तिच्या मागच्या बाजूने केलेलं रंगकाम, त्यामागे फोटोचा प्रिंट आणि सगळ्यांत मागे तांब्याचा किंवा पितळेचा पत्रा, कुठे वर्ख. पत्रा पुण्यातल्या तांबट आळीतून येतो, काच कोपऱ्यावरच्या दुकानातून. जून ते सप्टेंबर माझ्याकडे नव्या चित्रांपेक्षा दुखणं घेऊन परत आलेली जुनी चित्रंच जास्त असतात. काही माझीच, काही इतरांची. लक्षणं सहा प्रकारची, पण बहुतेकदा मूळ एकच: आत कोंडलेली ओल आणि थरांमध्ये न ठेवलेली फट. लोक मात्र येतात ते "जरा आणखी घट्ट चिकटवून द्या" म्हणत.

आधी भिंत बघा

याला एक पैसा लागत नाही, म्हणून सुरुवात इथून. फ्रेम उतरवा आणि ती जिथे होती त्या जागी तळहात उलटा करून भिंतीला लावा. पावसाचा मारा लागणारी बाहेरची भिंत, पलीकडे न्हाणीघर असलेली भिंत, खिडकीखालची भिंत, या तिन्ही जागा वाईट. हाताला काही कळलं नाही तर फूटभर अॅल्युमिनियम फॉइल भिंतीवर लावा, चारही कडा टेपने बंद करा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला दव असेल तर ओल भिंतीची. खोलीकडच्या बाजूला असेल तर हवेची.

हे आधी का? कारण भिंतच ओली असेल तर फ्रेममध्ये केलेली कुठलीही दुरुस्ती दोन महिने टिकते. फ्रेमच्या मागच्या चार कोपऱ्यांना रबरी बटणं लावली की भिंत आणि फ्रेम यांत थोडी फट राहते, हवा खेळते. पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या अंदाजाने परत येणाऱ्या चित्रांपैकी बऱ्याच चित्रांना एवढंच हवं असतं.

दुसरी जागा एसीची. २५ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेली हवा साधारण २१ अंशांना गार झाली की पाणी सोडते. म्हणजे काच आतल्या हवेपेक्षा चार अंशांनी गार झाली तरी पुरे. एसीचा झोत थेट काचेवर येत असेल तर फ्रेममधला पुठ्ठा आणि प्लाय यांनी दिवसभर पिऊन ठेवलेली ओल रात्री काचेवर येऊन बसते. चित्र दुसऱ्या भिंतीवर हलवा, आठवडाभर थांबा, पुन्हा बघा.

मग मोबाइलची टॉर्च

खोलीत अंधार करा आणि टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. समोरून न दिसणारं सगळं दिसतं. थेंब असतील तर साधं दव. बारीक फांद्या फुटल्यासारखे धागे, नाहीतर लोकरीसारखे गोल ठिपके असतील तर बुरशी. सपाट पांढरा पापुद्रा असेल आणि तो रोज त्याच जागी, तेवढाच असेल, तर तो वाफेतून आलेला थर आहे. त्याचं पुढे सांगते.

रंग सुटलाय का तेही याच उजेडात कळतं. काचेला धरलेला रंग समोरून गडद आणि सलग दिसतो. मागून सुटला की काच आणि रंग यांच्यामध्ये हवा शिरते आणि तो भाग चंदेरी, मेलेला दिसतो. मोबाइलवर तारीख टाकून फोटो काढून ठेवा. पंधरा दिवसांनी बेट तेवढंच असेल तर घाई नाही. वाढलं असेल तर आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. रंग सुटत असेल तर फ्रेम उभी ठेवू नका, हलवून बघू नका, काच पुसायला जाऊ नका. दुमडलेल्या चादरीवर काचेची बाजू खाली करून आडवी ठेवा, म्हणजे सुटलेले कण आपापल्या जागीच पडून राहतात. उभ्या फ्रेममध्ये ते घसरून तळाच्या खाचेत गोळा होतात, आणि मग कुठला कण कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

उघडल्यावर आधी वास घ्या

चित्र तुमचंच असेल, नवं असेल आणि रंग पक्का असेल तरच पुढे जा. काच खाली, पाठ वर. मागची कागदी टेप ब्लेडने कापा, प्लाय उचला आणि लगेच नाक जवळ न्या. हसू नका, इतकी स्वस्त आणि इतकी खरी तपासणी दुसरी नाही.

व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर कुणीतरी साधं सिलिकॉन सीलंट वापरलंय. ते सुकताना अॅसिटिक आम्ल सोडतं. पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, तसाच तुमचा पत्रा आत कळकतो. हिरवे कण पत्र्याच्या कडेने, सीलंटला लागून असतील तर शंकाच नको. ट्यूबवर 'न्यूट्रल क्युअर' लिहिलेलं सिलिकॉन मिळतं, धातूजवळ तेच वापरायचं.

तेलरंगाचा वास आला तर रंग वाळायच्या आत फ्रेम बंद केली. एनॅमल हाताला दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो, पण आतून आठवडेच्या आठवडे वाफ सोडत राहतो. ती काचेवर तेलकट धुकं होऊन बसते. मी एनॅमलचं काम किमान तीन आठवडे उघडं ठेवते, पावसाळ्यात पाच. गिऱ्हाईक रोज फोन करतं, करू दे.

वास नाही पण पांढरा थर आहे? मग सुपरग्लू शोधा. पत्र्याचे बारीक तुकडे लोक त्यानेच चिकटवतात. बंद जागेत त्याची वाफ आजूबाजूला पांढरी पूड होऊन बसते, अगदी बोटांच्या ठशांवर आधी. काचेच्या न रंगवलेल्या भागावरची ती पूड कापसाच्या बोळ्याला थोडं अॅसिटोन लावून निघते. रंगाला मात्र अॅसिटोनचा थेंबही लागता कामा नये. फोटोवर बसली असेल तर प्रिंट नवा काढा.

कुबट वास म्हणजे प्लाय किंवा पुठ्ठा सर्दावलाय. वाळवत बसू नका, बदला. प्लाय आणि एमडीएफ दोन्ही आम्लधर्मी वाफ सोडतात, धातू आणि फोटो दोघांनाही ती वाईट. मी मागे आम्लमुक्त माउंट बोर्ड (फ्रेमवाले वापरतात तो जाड पुठ्ठा) आणि त्यामागे एसीपीची, म्हणजे दोन्हीकडे अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असलेली प्लास्टिकची, शीट लावते. बुरशी दिसली तर मास्क घाला, काम गॅलरीत न्या आणि घरातल्या दमेकऱ्याला लांब ठेवा.

फट आहे का?

फट बघायला एखादं लग्नाचं आमंत्रणकार्ड पुरतं. काच आणि फोटो यांच्यामध्ये ते कडेने सहज सरकलं पाहिजे. अडलं, तर रोग सापडला.

दोन वर्षांपूर्वी मालवणहून एक फ्रेम आली. आजी-आजोबांचा लग्नातला फोटो, काचेवर मी रंगवलेला सुरंगीचा वळेसर (केसांत माळायचा गजरा), मागे तांबं. नातीने फोनवर सांगितलं, "ताई, फक्त काच बदलून द्या हो, धुरकट झालीये." टॉर्च लावली तर आजीच्या खांद्यावर जुन्या रुपयाएवढा एक डाग ओल्यासारखा चमकत होता. मागून फोटोचा कोपरा हलकेच उचलला, सगळा प्रिंट हलला, खांदा मात्र काचेलाच राहिला. फोटोच्या कागदावरचा वरचा थर ओलीने फुगतो, मऊ होतो आणि काचेला टेकला असेल तर तिथेच चिकटून वाळतो. नुसती काच बदलली असती तर खांदा काचेबरोबर गेला असता.

चूक माझी होती. सुरंगीची फुलं आजीच्या केसांना अगदी टेकलेली दिसावीत म्हणून मी फोटो थेट काचेला लावला होता. दिसायला सुंदर होतं. मालवणच्या खाऱ्या हवेत ते एक पावसाळा टिकलं, दुसऱ्यात गेलं. नशिबाने मूळ फोटोचं स्कॅन माझ्याकडे होतं. नवा प्रिंट काढला, चारही कडांना ३ मिलिमीटरची माउंट बोर्डची पट्टी दिली, आणि फुलं थोडी मोठी रंगवून घेतली, कारण फट आली की समोरून सावली पडते आणि लहान आकार तरंगल्यासारखे दिसतात. खरं सांगायचं तर ती सावली मला आता आवडायला लागलीये.

मोठ्या फ्रेमला ३ मिलिमीटर पुरत नाही. दीड फुटापुढे मी ५ देते, कारण कागद मध्यभागी पोट काढतो.

फोटो कसा लावलाय

पूर्ण पाठीला फेविकॉल फासून पत्र्यावर चिकटवलेला फोटो आला की मी हात जोडते. पांढऱ्या गोंदात पाणी असतं. त्यात मागे धातू, त्यामुळे ते वाळायला वाट नाही. फोटोला सुरकुत्या येतात आणि पत्राही खालून डागाळतो. फोटो फक्त वरच्या दोन कोपऱ्यांना टांगायचा, बाकी मोकळा. कागद दमट दिवसांत वाढतो, कोरड्या दिवसांत आकसतो. त्याला तेवढं हलू द्या.

शाई कुठली तेही बघा. त्याच प्रिंटरवरच्या, त्याच कागदाच्या टाकाऊ पट्टीवर पाण्याचा थेंब टाका, मिनिटाने टिपून घ्या. रंग पसरला तर शाई डायची, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची आहे आणि दमट हवेत हळूहळू पसरणारच. पिगमेंटच्या, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईत प्रिंट काढून घ्या.

पत्रा

तांब्यावर अंगठ्याचा ठसा आला असेल तर तो माणूस हातमोजे न घालता काम करत होता, एवढंच. घामातलं मीठ पत्रा खातं. हिरवे कण सगळीकडे विखुरलेले असतील तर मात्र पत्रा साफ कसा केला होता ते आठवा. चिंच-मिठाने तांबं झकास उजळतं, पण मीठ सूक्ष्म भेगांत राहतं आणि ओल मिळाली की पुन्हा काम सुरू करतं. व्हिनेगर-मिठाने मुद्दाम हिरवी छटा आणणाऱ्यांचंही तेच. छटा आली की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारायचा, मग साध्या पाण्याने तीन-चारदा धुवायचं, शेवटचं पाणी फिल्टरचं, पूर्ण वाळवायचं आणि त्याच दिवशी लॅकर, म्हणजे धातूवरचं पारदर्शक वार्निश. दुसऱ्या दिवसावर ढकललं की रात्रीत रंग फिरतो.

पत्रा आणि फोटो यांच्यामध्ये पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म घाला. गंधकयुक्त रसायनाने काळा केलेला पत्रा जुन्या पद्धतीच्या चांदीच्या कृष्णधवल फोटोजवळ ठेवूच नका, फोटोतली चांदी त्याने डागाळते.

पत्रा पोट काढत असेल तर स्क्रू बघा. ६० सेंटिमीटर लांबीची काच २० अंशांच्या फरकाने साधारण ०.११ मिलिमीटर वाढते, तेवढंच तांबं ०.२, अॅल्युमिनियम ०.२८ आणि काचेऐवजी लावलेली अॅक्रिलिक शीट तब्बल ०.८. चारही कोपरे घट्ट आवळले की हा फरक कुठेतरी बाहेर पडणार: पत्रा फुगणार, नाहीतर रंग सुटणार. एका कोपऱ्याचं भोक गोल ठेवा, बाकीची लांबट करा आणि स्क्रू अर्धा आटा सैल.

शेवटी रंग

हे शेवटी ठेवलं, कारण इथे दुरुस्ती म्हणजे बहुधा काम नव्याने करणं. तुमच्याच चित्राच्या, फ्रेमच्या खाचेत लपणाऱ्या कडेवर ब्लेडने बारीक जाळी कापा, वर सेलोटेप दाबा आणि एका झटक्यात ओढा. टेपवर चौकोन आले तर रंगाने काच धरलेलीच नाही.

कारणं दोनच असतात. पहिलं, काच स्वच्छ नव्हती. काच पुसायच्या निळ्या स्प्रेने ती चमकते, पण वर साबणाचा अंश राहतो. भांड्याच्या लिक्विडने धुवा, खळखळून विसळा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि मग पाण्याची परीक्षा घ्या: काचेवर पाणी ओता. सलग पडदा राहिला तर स्वच्छ, कमळाच्या पानासारखे मणी झाले तर चिकटपणा आहे, पुन्हा धुवा.

दुसरं, रंगच चुकीचा. कॅनव्हासचा अॅक्रिलिक रंग काचेवर सुरेख बसतो, पण तो तिला घट्ट धरत नाही. वरून ओल प्यायला की सापाच्या कातीसारखा निघतो. काचेचा प्रायमर वापरा, काचेसाठीचं एनॅमल वापरा, नाहीतर भाजायचे काचरंग घ्या. भाजायच्या रंगांत डब्यावर जे तापमान आणि जेवढी मिनिटं लिहिली असतील तेवढीच, काच थंड ओव्हनमध्ये ठेवूनच तापवायला सुरुवात आणि ओव्हन पूर्ण थंड झाल्यावरच बाहेर.

उलट्या बाजूने रंगवताना क्रमही उलटा असतो, आधी डोळ्यातला प्रकाशबिंदू आणि बारीक रेघ, सगळ्यांत शेवटी पार्श्वभूमी. त्यामुळे सुटलेल्या रंगावर मागून नवा रंग लावून काही साधत नाही. समोरून दिसणारा थर तोच, जो सुटलाय. मागून डिंक, वार्निश, नेलपॉलिश सोडणारे खूप भेटले. डाग वाढतो आणि नंतर काम करणाऱ्याचे हातही बांधले जातात.

सगळं नीट झाल्यावर फ्रेम बंद करायचा दिवस निवडा. सुटे भाग दोन दिवस पंख्याखाली ठेवा, हेअर ड्रायर नको, ऊन नको. एसी 'ड्राय'वर लावलेल्या खोलीत बंद करा. कोकणात आणि गोव्यात जाणाऱ्या चित्रांना मी काच ते पाठ अशी चारही बाजूंनी अॅल्युमिनियम टेप लावून आतला सगळा गठ्ठा सील करते. पुण्यात राहणाऱ्यांना नाही. आणि सिलिका जेलची पुडी आत टाकून मोकळे होऊ नका. पुडी ओलीने भरली की तिचं काम संपलं, आणि फ्रेममधली पुडी बदलायला वर्षात कोण उघडतंय?

कुठे थांबायचं

काचेला तडा असेल तर तिथेच थांबा. काच दोन बाय तीन फुटांपेक्षा मोठी असेल तरीही. त्या मापाची ४ मिलिमीटरची एकच काच साडेपाच किलोच्या पुढे भरते, वर पत्रा वेगळा. काचवाल्याला बोलवा.

फोटो काचेला चिकटलाय आणि दुसरी प्रत नाही, तर ओढू नका, वाफ देऊ नका, फ्रीजमध्ये ठेवू नका. काचेतूनच चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढून घ्या आणि कलासंवर्धन करणाऱ्याकडे न्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, विचारायला सुरुवात तिथून करता येईल.

जुनं काही असेल तर पहिल्या तपासणीनंतरच थांबा. थरांचं काम आपल्याकडे नवं नाही. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातली चित्रं लोकांनी घरी जर-टिकल्यांनी मढवून काचेआड लावली. नाथद्वाऱ्याच्या चित्रांत भक्तांचे फोटोतले चेहरे कापून चिकटवलेले आढळतात. आजोळच्या माळ्यावर काचेवर रंगवलेला बाळकृष्ण सापडला तर तो टेपने तपासायचा नाही. त्या रंगात शिसंही असू शकतं, म्हणून खरवडायचं तर मुळीच नाही. काचेवरच छायाचित्र असलेली जुनी पट्टी मिळाली तर तिला कापडसुद्धा लावू नका. धूळ म्हणून पुसाल ते चित्र असेल.

काच कोरायची आम्लाची पेस्ट कुणी दिली तर घरात उघडू नका. त्यातलं हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत उतरतं आणि कधीकधी दुखायला लागतं ते तासांनंतर. हे काम काच कोरणाऱ्या कारखान्यातच द्या.

आणि फ्रेममध्ये मागून एलईडी पट्टी लावलेली असेल, पत्रा धातूचा असेल आणि आत दव दिसत असेल, तर वर दिलेलं काहीही करण्याआधी प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला फोन करा.